चंद्र दिसला तर बोट नाही

मालदीवला जाऊन आलो असं सांगितलं की ऐकणाऱ्याची नजर आधी आपल्या पोटावर जाते, मग शेजारी उभ्या असलेल्या सौभाग्यवतींवर जाते आणि मग तो माणूस गप्प होतो. त्याच्या डोळ्यांपुढे समुद्रात खांबांवर उभी केलेली ती लाकडी खोली असते, खोलीतून थेट निळ्या पाण्यात उतरणारी शिडी असते आणि त्या शिडीवर आपण. हे चित्र त्याला झेपत नाही. आम्हालाही झेपलं नसतं. त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं तर मुळीच झेपलं नसतं.

म्हणून खुलासा करतो. मालदीवमध्ये साधारण १२०० बेटं आहेत आणि त्यांतल्या दोनशेपेक्षा कमी बेटांवर गावं आहेत. १९७२ साली कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट उघडलं, आणि पुढे बरीच वर्षं असा रिवाज पडला की पाहुण्यांनी पाहुण्यांच्या बेटावर राहायचं आणि गावानं गावाच्या. पाहुण्यांच्या बेटावर दारू चालते, गावात चालत नाही. दोघांनी एकमेकांच्या वाटेला जायचं नाही. २००९ च्या सुमाराला सरकारनं हा रिवाज सैल केला. गावातल्या माणसांना दोन-चार खोल्या काढून पाहुणे ठेवायची मुभा मिळाली, आणि त्या फटीतून जगभरचा मध्यमवर्ग आत शिरला. आम्ही त्यातले. आमच्या खोलीला शिडी नव्हती. खिडकीतून शेजारच्यांची धुणी वाळत घातलेली दोरी दिसायची.

आम्ही चौघं होतो. मी, ही, हिचे थोरले बंधू म्हणजे आमचे मेहुणे, आणि माझी काकू. मेहुणे बँकेतून निवृत्त झालेत. म्हणजे बँकेनं त्यांना सोडलंय, त्यांनी बँकेला अजून सोडलेलं नाही. कोथिंबिरीची जुडी आणली तरी रात्री ताळा जुळवूनच झोपतात. सहलीचा तक्ता अर्थातच त्यांनी केला होता. डावीकडे वेळ, मधे कार्यक्रम, उजवीकडे दर माणशी खर्च. सकाळी ९ वाजता कासवं. ११ वाजता भर समुद्रातला वाळूचा पट्टा. दुपारी ४ वाजता डॉल्फिन. डॉल्फिनना त्यांनी ज्या ठामपणे चारची वेळ दिली होती, त्यावरून हाताखालच्या कारकुनांची नोकरीभर काय अवस्था झाली असेल याची कल्पना आली.

काकू पंचाहत्तरीची, माहेर मालवणचं. एरवी तिला सुरमईची तुकडी दाखवली की गुडघे दुखायचे थांबतात. पण चैत्राच्या नवरात्रात नऊ दिवस ती माशाला शिवत नाही. आणि आम्ही निघालो तो दिवस होता गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारली, संध्याकाळी ती उतरवायचं काम शेजारच्यांवर सोपवलं आणि विमानतळ गाठला. पाडव्याच्याच दिवशी का, तर त्या दिवसाचं तिकीट स्वस्त होतं. तिकीट स्वस्त का आहे हा प्रश्न मराठी माणूस विचारत नाही. त्याचं उत्तर पुढे प्रवासात आपोआप मिळतं.

आम्हाला मिळालेलं उत्तर असं होतं की पाडवा आणि रमजान ईद काही वर्षं एकाच अमावास्येला पाठ लावून येतात. चैत्री पाडव्याचा चंद्र तोच ईदच्या शव्वाल महिन्याचा. फरक एवढाच की पाडवा पंचांगावर विश्वास ठेवतो आणि ईद डोळ्यांवर. त्यामुळे गंमत होते. २०२४ साली आपला पाडवा ९ एप्रिलला झाला, केरळातली ईद १० तारखेला आणि मुंबईतली ११ ला. चंद्र एकच, हजेरी तीन दिवस.

मालेच्या विमानतळावर काकूची पहिली परीक्षा झाली. मालदीवमध्ये दारू आणता येत नाही, डुकराचं मांस आणता येत नाही, आणि पूजेच्या मूर्तीही आणता येत नाहीत. हे आधीच कळल्यामुळे काकूनं देवीचा टाक घरीच ठेवला होता आणि नऊ दिवस मानसपूजा करायचं ठरवलं होतं. तरीही तपासणीच्या रांगेत ती चोरट्यासारखी उभी. मी विचारलं, ‘‘काय गं, काही आणलंयस का?’’ तर म्हणते, ‘‘मनात आहे ना रे सगळं. ते मशीन मनातलं दाखवत नाही ना?’’ दाखवलं नाही. मशीननं फक्त श्रीखंडाच्या वड्यांचे चार डबे दाखवले आणि तपासणाऱ्या बाईंनी ते उघडून, हुंगून, परत बंद केले. कायदा कडक आणि माणसं मऊ, असा हा देश आहे. पुढेही ठायी ठायी तेच दिसलं.

माले हे जगातल्या सर्वांत दाटीच्या शहरांपैकी एक. देशाची नोकरी, शिक्षण, दवाखाने, कोर्टकचेऱ्या सगळं तिथंच, त्यामुळे गावोगावची माणसं मालेत भाड्याच्या खोल्यांतून राहतात आणि सणाला घरी जातात. आमची बोट अशा चाकरमान्यांनी भरली होती. अंड्यांचे ट्रे, फळांच्या रसाची खोकी, तांदळाची पोती, लहान मुलांच्या नव्या सायकली, एक टीव्ही आणि या सगळ्यांच्या वर आमच्या बॅगा. बोटीत जो तो दुसऱ्याला ओळखत होता. फक्त आम्हालाच कुणी ओळखत नव्हतं, तर त्यांनी अर्ध्या तासात तीही उणीव भरून काढली. शेजारच्या बाईंना आमचं गाव, मुलं, मुलांची लग्नं आणि काकूचे गुडघे इतकी माहिती झाल्यावर त्यांनी समाधानानं डोळे मिटले. त्यांचा उपास होता आणि बोट जोरात आपटत होती. मेहुण्यांचं पोट भरलेलं होतं. बोटीत त्रास फक्त मेहुण्यांना झाला.

आमचं बेट वावू अटॉलमध्ये. नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि पुढच्या ईदला चार बस भरून मंडळी तिथं उतरलेली मला बघवणार नाहीत. या टोकाकडून त्या टोकापर्यंत चालत जायला पंधरा मिनिटं, तीही काकूच्या चालीनं. रस्ते वाळूचे. जुन्या घरांच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. गावात कुत्रं नाही, कारण देशातच कुत्रं पाळायला बंदी आहे. सकाळी फिरायला जाताना हातात काठी घेणाऱ्या मेहुण्यांना हा एकच कायदा संपूर्ण पटला.

ज्या घरात खोल्या घेतल्या होत्या तिथला पोरगा हिंदी बोलत होता. हिंदी तो सिनेमातून शिकला होता, त्यामुळे ‘चहा घ्या’ हे वाक्यसुद्धा तो किंचित मान वळवून, दूर बघत म्हणायचा. मेहुण्यांनी त्याच्या हातात तक्ता ठेवला. त्यानं तो वरून खाली वाचला, मग एकदा आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चाँद दिखा, तो कल बोट नहीं.’’

‘‘आणि नाही दिसला तर?’’

‘‘तो परसों बोट नहीं.’’

मेहुण्यांनी हिशेब केला. चंद्र आज दिसला नाही तर रमजानचा तिसावा दिवस धरतील. म्हणजे उद्या कासवं, वाळू, डॉल्फिन सगळं उरकून घेता येईल. त्या संध्याकाळी बेटावरची झाडून सगळी माणसं पश्चिमेच्या किनाऱ्याकडे डोळे लावून होती, आणि त्या गर्दीत एकच माणूस चंद्र दिसू नये म्हणून उभा होता.

दिसला. नखाएवढी कोर, तीही ढगाच्या फटीतून, पण दिसली. थोड्या वेळानं सरकारी घोषणाही झाली. काकूनं कोर पाहिल्याबरोबर ओढणीच्या काठाचा एक धागा ओढला आणि चंद्राकडे टाकून म्हणाली, ‘‘जुनं घे, नवं दे.’’ बीज लागायची होती, पण काकू तिथींच्या बाबतीत थोडी उधारी चालवते. आजूबाजूच्या पोरांनी विचारलं हे काय. पोरग्यानं आपल्या सिनेमातल्या हिंदीतून उलगडून सांगितलं. सकाळी सगळ्यांना नवे कपडे मिळायचेच होते, त्यामुळे पोरांना हा व्यवहार एकदम पटला. दहा मिनिटांत किनाऱ्यावरच्या निम्म्या टी-शर्टांचे काठ उसवले होते आणि काही आया काकूकडे निराळ्याच नजरेनं बघत होत्या.

ईदच्या सकाळी खाली आलो तर न्याहारी नव्हती. स्वयंपाकघरात चूल थंड. आचारी बांगलादेशचा. मालदीवमध्ये राबणारे हात बरेचसे बांगलादेशचे आहेत. पांढरा शुभ्र कुर्ता घालून तो अंगणात मोबाईल उभा धरून बसला होता आणि पडद्यावर त्याची आई होती. ईद त्याचीही होतीच की. आम्हाला पाहून त्यानं मोबाईल आमच्याकडे वळवला. पडद्यावरच्या माउलीनं आम्हाला निरखून बघितलं आणि बंगालीत काहीतरी विचारलं. तो ओशाळून म्हणाला, ‘‘पूछती है, इनको खाना दिया?’’ काकूनं पडद्याकडे बघून पोट भरल्याची खूण केली. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं ती पहिल्यांदाच बोलली असावी.

नमाजाला सगळं गाव लोटलं होतं. बायकाही होत्या. नमाजाआधी प्रत्येक घरानं फितरा दिलेला असतो, गरिबाच्या घरीही त्या दिवशी अन्न शिजावं म्हणून. घरातल्या माणसांच्या संख्येनं द्यायचा, अगदी तान्ह्या मुलाचासुद्धा. तांदूळ किंवा त्याचे पैसे. हे ऐकून मेहुण्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. ‘‘दर माणशी,’’ ते म्हणाले. ‘‘बघा. पद्धत हीच.’’

नमाज सुटला आणि आमचे हाल सुरू झाले.

ईद म्हणजे शीरखुर्मा, हे आमचं मत पक्कं. लहानपणापासून खालच्या मजल्यावरून स्टीलच्या डब्यातून आलेली ईद आम्हाला माहीत. शेवया, खारीक, चारोळी. मालदीवची ईद माशापासून सुरू होते. सकाळी सात वाजता. पहिल्याच घरात पुढ्यात आलं ते मास हुनी, म्हणजे धुरावलेल्या ट्यूनाचा चुरा, त्यात खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं चुरून एकजीव केलेलं. सोबत रोशी, म्हणजे पोळीच. मी एक घास घेतला आणि काकूकडे बघायचं टाळलं. ती मात्र ताटावर वाकून नाकानं दीर्घ श्वास घेत होती. ‘‘किसमूर रे,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आमची जवळ्याची किसमूर. फक्त जवळ्याच्या जागी हा.’’ आणि ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं.

घरच्या बाईंना वाटलं पाहुणीला आवडलं नाही. त्यांनी गुल्हा आणले. गोल, तळलेले, कुरकुरीत, आत ट्यूना. काकूनं हात जोडले. बजिया आले. समोशाचं धाकटं भावंड, आत ट्यूना. मग कुल्ही बोआकिबा, म्हणजे तांदूळ, नारळ आणि मिरची घालून भाजलेली तिखट वडी. काकूच्या डोळ्यांत आशा आली. वडी फोडली. आत ट्यूना. या देशाला गळ टाकून एकेक ट्यूना धरायची शतकांची सवय आहे, आणि धरलेला प्रत्येक ट्यूना कशाच्या ना कशाच्या पोटात घालून ठेवायचीही.

बाईंचा चेहरा पडला. शेवटी त्यांच्या मुलीला मधे घेऊन काकूनं सांगितलं की माझं नऊ दिवसांचं व्रत आहे. हे मात्र झटक्यात पोचलं. २९ दिवसांचे रोजे आदल्याच संध्याकाळी सोडलेलं ते घर. व्रत म्हटल्याबरोबर सगळ्या ताटल्या निमूट मागे गेल्या, बाईंनी काकूचा हात हातात घेतला आणि कौतुकानं विचारलं, ‘‘पहाटेपासून पाणीसुद्धा नाही?’’

‘‘पाणी पिते,’’ काकू म्हणाली.

‘‘मग संध्याकाळीच जेवता?’’

‘‘नाही, दोन्ही वेळा जेवते.’’

‘‘म्हणजे फळं?’’

‘‘फळं, भात, वरण, भाजी, पोळी. दुपारी चहाबरोबर थोडं काहीतरी. श्रीखंड. मासे तेवढे नाही.’’

मुलीनं भाषांतर केलं. खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. त्यांच्या सासूबाई हसल्या, मग काकूही हसायला लागली. महिनाभर दिवसा तोंडात पाण्याचा थेंबही न घेता जगलेल्या त्या घरात आमच्या नवरात्राची जी काय पत राहिली असेल ती असो. पण त्या हशातून उठून बाईंनी साबुदाण्याचं गोड बोंडीबाई वाडगाभर आणून काकूपुढे ठेवलं. नारळाच्या दुधातलं, वेलदोड्याचं. काकूनं ते संपवलं आणि पिशवीतून श्रीखंडाच्या वड्या काढल्या. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली होती की एक म्हातारी आली आहे, तिचा उपास आहे, आणि ती दिवसभर खाते.

त्यानंतर प्रत्येक घरातून आम्हाला हाका. कुणी पैसे घेईना. मेहुणे खिशात हात घालत तेव्हा लोक हात बाहेर काढून त्यात गुल्हा ठेवत. आणि प्रत्येक अंगणात ती जोली. लोखंडी चौकटीला दोरीची जाळी बांधून केलेल्या लोंबत्या खुर्च्या, एका ओळीत तीन-चार. बसायला स्वर्गसुख. बसलं की माणूस मागे मागे कलत जातो, गुडघे वर, पाय अधांतरी. उठण्याची सोय तीत केलेली नाही. मेहुणे एकीत बसले ते तासभर उठले नाहीत. नंतर म्हणाले, वाऱ्याला बरं वाटत होतं. दोन पोरांनी त्यांना हात देऊन ओढून काढलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण निवृत्त माणसाला काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

आदरातिथ्याची ही परंपरा जुनी, आणि कटकट्या पाहुण्यांचीही. १३४३ साली इब्न बतूता या बेटांवर आला. त्या वेळी गादीवर सुलताना खदीजा, आणि कारभार तिचा नवरा, वजीर जमालुद्दीन बघायचा. बतूताला त्यांनी काझी नेमलं. त्यानं लागलीच फर्मान काढलं की बायकांनी कमरेच्या वरही वस्त्र घालावं. बायकांनी ऐकलं नाही. कज्जा घेऊन आलेल्या बाईला तो अंगावर काही घेतल्याशिवाय समोर येऊ द्यायचा नाही, पण त्यापुढे त्याची मात्रा चालली नाही, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. लग्नं मात्र बरीच केली. यजमानांना नावं ठेवायची, जावई म्हणून पाहुणचार झोडायचा आणि पुढे त्यावर प्रवासवर्णन लिहायचं, ही रीत त्यानं घालून दिली. आपण फक्त शेवटचा भाग पाळतो.

पण या गृहस्थानं मालेची एक ईद फार सुरेख टिपली आहे. वजीर नमाजाला जायचा तो रस्ता सजवलेला. जमिनीवर कापडं अंथरलेली, दुतर्फा कवड्यांच्या राशी. मालदीवच्या कवड्या तेव्हा बंगालपर्यंत चलन म्हणून चालायच्या, म्हणजे रस्त्याच्या कडेला रोकडच मांडलेली. ज्याचं घर रस्त्यावर, त्यानं दारात नारळीची, पोफळीची, केळीची रोपं लावायची आणि एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत दोरी बांधून त्यावर हिरवे नारळ टांगायचे. वजीर दारावरून गेला की घरधन्यानं त्याच्या पायांवर रेशमाचं नाहीतर सुताचं वस्त्र टाकायचं. ती वस्त्रं आणि त्या कवड्या वजिराचे नोकर उचलून न्यायचे. मी हे काकूला वाचून दाखवलं. तिला केळी आणि नारळ आवडले, मेहुण्यांना कवड्या कुणी उचलल्या हा तपशील. ‘‘नोंद कोण ठेवायचं?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

दुपारी गाव पाण्याला भिडलं. ईदच्या दिवशी एकमेकांना भिजवायची चाल इथल्या बेटांवर आहे. बादल्या, पाइप, फुगे, कुणाच्या हातात सरळ पातेलं. आमच्या सौभाग्यवती धुळवडीला दारं-खिडक्या लावून आत बसणाऱ्यांपैकी. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्यावर पहिली बादली रिकामी झाली तेव्हा मी मनातल्या मनात पुढच्या आठवड्याच्या घरगुती वातावरणाचा अंदाज बांधला. पण बादली ओतणारी बाई यांच्याच वयाची होती, अंगभर झगा, डोक्याला रुमाल, आणि हसून हसून वाकलेली. पुढच्याच क्षणी ही तिच्या हातातली बादली ओढत होती. पाच मिनिटांनी मी पाहिलं तर गावच्या बायकांच्या बाजूनं ती पुरुषांच्या टोळीवर चाल करून गेली होती, आणि त्या टोळीत मी होतो.

तिथून सगळी वरात समुद्रात. गावच्या बेटांवर पाहुण्यांसाठी एक वेगळा किनारा आडोसा करून राखलेला असतो, तिथं पोहण्याचे तोकडे कपडे चालतात. बाकी किनारा गावाचा, तिथं अंगभर कपडे. आमच्या चौघांपैकी एकाच्याही बॅगेत तोकडं काही नव्हतं, त्यामुळे प्रश्न आला नाही. काकू पंजाबी ड्रेससकट, ओढणी कमरेला खोचून, बांगड्या वर सरकवून कमरेइतक्या पाण्यात उतरली. शेजारी बेटावरच्या बायका तशाच, नव्या कोऱ्या कपड्यांत. आडोशापलीकडचे युरोपियन पाहुणे मान उंच करून बघत होते. घरातून निघावं तशा अवतारात समुद्रात शिरणारी माणसं त्यांना एकाच ठिकाणी एवढी कधी दिसली नसावीत. जुहूला, अलिबागला, मालवणला कधी या म्हणावं.

रात्री बोडू बेरू. नारळाच्या खोडाचे मोठाले ढोल, संथ सुरुवात, मग लय अशी चढत जाते की बसलेला माणूस आपोआप उभा राहतो. जोलीत बसलेला सोडून. दमून सगळे वाळूत टेकले तेव्हा एका आजोबांनी रन्नामारीची गोष्ट सांगितली. समुद्रातून दर महिन्याला एक राक्षस यायचा, लांबून दिव्यांनी भरलेलं जहाज यावं तसा. त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकून एक मुलगी किनाऱ्यावरच्या देवळात ठेवायची, सकाळी ती मेलेली सापडायची. एकदा एका म्हातारीच्या एकुलत्या मुलीवर पाळी आली. तिच्याकडे उतरलेला अबुल बरकात नावाचा पाहुणा म्हणाला, तिच्या जागी मी जातो. रात्रभर तो कुराण म्हणत बसला. राक्षस पठण ऐकून समुद्रात परत गेला. पुढे राजानं धर्म बदलला. ही ११५३ सालची गोष्ट मानतात. त्याआधी ही बेटं बौद्ध होती.

काकू मांडी ठोकून ऐकत होती. ‘‘हा तर बकासुर,’’ ती म्हणाली. ‘‘तिथंही पाळी आली ती पाहुणा उतरलेल्या घराचीच. आमच्या भीमानं गाडाभर अन्न आधी खाल्लं, मग त्याला मारला.’’ आजोबांनी भाषांतर ऐकून विचारलं, ‘‘राक्षसासमोर बसून जेवला?’’ काकूनं होकार दिला. आजोबांनी काकूकडे पाहिलं, सकाळची बातमी त्यांच्यापर्यंतही गेलेली होती, आणि समजल्यासारखी मान हलवली.

मालदीवमध्ये या ईदची सरकारी सुट्टी तीन दिवस असते, आणि शुक्रवार-शनिवार तिथला आठवड्याचा शेवट. बोटवाला तिसऱ्या दिवशी दुपारी किल्ली हलवत आला. कासवं दिसली. वाळूचा पट्टा दिसला. डॉल्फिन सव्वासहाला आले, तेव्हा मेहुण्यांनी घड्याळ बघून ‘सव्वादोन तास उशीर’ अशी नोंद केली. जेवणाच्या रकान्यात ईदच्या दिवसांपुढे शून्य होतं आणि ते त्यांना सलत होतं. चौघं माणसं दिवसभर जेवली आणि खर्च शून्य, हा ताळा लागतच नाही. परतीच्या विमानात त्यांनी ती रक्कम अंदाजानं काढली आणि सस्पेन्स खात्याला टाकली. आचाऱ्याला मात्र त्यांनी निघताना बाजूला नेऊन काहीतरी दिलं. किती, ते तक्त्यात नाही.

तेव्हा वाचकहो, ईदला मालदीवच्या गावात जायचं असेल तर जरूर जा, पण तक्ता घरी ठेवा. बोट, कासवं आणि डॉल्फिन ईदच्या आधी किंवा नंतर चार दिवस मोकळे धरून उरका. रमजान चालू असताना पोचणार असाल तर दिवसाउजेडी रस्त्यावर खाऊ नका. मूर्ती नेऊ नका, खाऊ न्या. मासे खात नसाल तर राहत्या घरी आधी कळवा, त्यांना तयारीला वेळ लागतो. जोलीत बसताना उठवायला कुणीतरी जवळ आहे ना ते बघा. आणि नवरात्र पाळत असाल तर साल बघून जा. ईद दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते, पण आपला अधिक महिना आला की पाडवा तेवढा पुढे जातो. २०२७ साली ईद १० मार्चच्या आसपास आहे आणि पाडवा ७ एप्रिलला. मधे जवळजवळ महिना मोकळा, मासे खायला. या तारखा काकूनं मेहुण्यांकडून काढून घेतल्या आहेत.